चादरीतला चेंडू

किलरेनी, सोमवार सकाळ
(वारा समुद्रावरून, कपडे वाळायचं नाव नाही)

लॅकी,

हरलेला माणूस तोंड लपवून बसतो हे मी पुष्कळदा पाहिलंय, पण जिंकून पळून जाणारा गाढव पन्नाशी आली तरी पाहिला नव्हता, आणि तो निघाला कुठे तर आमच्याच घरात! पत्र लिहितोस ते कमिटीला. मावशीला नाही. मावशीने सात वर्षं तुला लापशी वाढली, तुझे मोजे रफू केले, तू माडीवरच्या खोलीत गोल्फची काठी फिरवून फोडलेली काच तुझ्या काकांना कळायच्या आत बसवून घेतली, तिला एक ओळ नाही. असो. मोठी आहे म्हणून आधी आशीर्वाद देते, तो घे आणि बाजूला ठेव, बाकीचं वाचून झाल्यावर पुरेल. तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं गार पाण्यात उभं राहून हेरिंग मासे साफ करणं आता बंद कर. तुझा खोकला? आम्ही बरे आहोत. काकांची कंबर हवा बदलली की बोलते, बाकी दिवस गप्प असते. तपकिरी कोंबडी मेली. विचारपूस संपली.

आता ऐक. तू कमिटीला लिहिलंस की "चादरीने मिळवून दिलेला विजय मला नको, क्लबाची मास्तरकी काकांनाच द्या." फार छान. कॅप्टनसाहेबांनी (हा क्लबचा कॅप्टन, जन्मात होडीसुद्धा वल्हवलेली नाही) ते सगळ्यांना वाचून दाखवलं, दोघातिघांनी नाकं शिंकरली, आणि काकांना बोलावणं धाडलं. काका गेले, अर्थात स्वयंपाकघराच्या दारानं. सत्तावीस वर्षं त्या क्लबाच्या सभासदांना चेंडू कसा मारायचा ते शिकवतोय हा माणूस, पण पगारी खेळाडूनं पुढच्या दारानं आत जायचं नाही म्हणजे नाही. कॅप्टनसाहेब म्हणाले, "वॉटी, पोरगा नको म्हणतोय. तुझी जागा तुला परत." यावर दुसऱ्या कुणी काय केलं असतं? आभार मानून घरी आला असता. यानं टोपी काढली आणि म्हणाला, "साहेब, मी हरलोय. हरलेल्याला जागा कशी देता?" आणि घरी येऊन मला विचारतो, "बेथी, सूप आहे का?"

म्हणजे बघ. एक जिंकला तो म्हणतो मी जिंकलो नाही, दुसरा हरला तो म्हणतो मी हरलोच आहे. एका घरात दोन प्रामाणिक पुरुष निघाले आणि नोकरी एकालाही नाही! मग जागा कुणाला? तर त्या एडिनबराच्या दुरंगी बुटवाल्याला, जो सामन्यात तिसरा, तुम्हा दोघांच्या मागे सात फटके राहिला. जागेबरोबर घर जातं हे तुला ठाऊक आहे. काल त्याची बायको येऊन माझ्या खिडक्यांची मापं घेऊन गेली, पडद्यांसाठी. मी चुलीपाशी लापशीचा डाव हातात धरून उभी, आणि ही बाई माझ्या डोक्यावरून फीत ताणतेय! वर गोड आवाजात म्हणते, "खालच्या वर्कशॉपमध्ये आम्ही चहाची टेबलं मांडू, काठ्या आता तयारच मिळतात ना, लोखंडी." ज्या बाकावर काकांनी अर्ध्या परगण्याच्या काठ्या तासल्या, त्यावर ही केक मांडणार. डाव माझ्या हातातच राहिला याचं श्रेय मी स्वतःला देते.

तू म्हणशील, चूक चादरीची. तेच तर सांगायचंय. तू तिथे होतास, पण तू तेव्हा बावीस वर्षांच्या मुलासारखा बुटाकडे बघत होतास, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

सामना ठरला तो नव्या कमिटीमुळे. त्यांना तरुण मास्तर हवा होता, पण काकांना तोंडावर जा म्हणायची छाती नव्हती, म्हणून म्हणाले, तिघं खेळा, कमी फटक्यांत येईल त्याची जागा. तू नाव द्यायला तयार नव्हतास. तुला काकांनीच ढकललं. मला म्हणाले, "कुणी मला हरवायचंच असेल तर मी शिकवलेल्या हातानं हरवावं." (मी म्हटलं, कुणी हरवायलाच कशाला हवं? पण माझं कोण ऐकतंय.) सामन्याच्या सकाळी म्हातारा गेव्हिन, तीस वर्षं काकांची पिशवी वाहणारा, दूधवाल्याच्या गाडीवरून उतरताना पडला आणि घोटा भोपळ्याएवढा सुजला. दुसरा कॅडी मिळेना. मी काकांना म्हटलं, आण ती पिशवी इकडे. ओल्या चादरींची डोंगराएवढी टोपली उचलते, तर तुझ्या चार काठ्या काय जड! लोक हसले. हसू देत. पण त्याच पहाटे पाद्रीणबाईंच्या चादरी मी सतराव्या होलपाशी पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपांवर वाळत टाकल्या होत्या, जशा माझी आई टाकायची आणि तिची आई टाकायची. ते मैदान गोल्फचं व्हायच्या आधी गावच्या बायकांच्या धुण्याचं आहे, आणि क्लबाच्या नियमातही लिहिलंय की चेंडू धुण्यावर पडला तर धुणं काढावं, चेंडू खाली टाकावा, दंड नाही. हा एकच नियम मला पाठ आहे, कारण त्यात आमची सोय आहे.

सतराव्यापर्यंत काका तुझ्यापुढे एका फटक्यानं. मी सांगते, लग्नानंतर त्यांना इतकं सुंदर खेळताना पाहिलं नव्हतं. मग त्यांचा एक चेंडू वाऱ्यानं उचलला आणि झुडपांकडे नेला. त्याच क्षणी समुद्रावरून काळा पाऊस धावत आला. पाद्रीणबाईंच्या चादरी! कुठलीही बाई जे करील तेच मी केलं. पिशवी टाकली, धावले, चादरी ओढून गुंडाळल्या, गाठोडं काखेत. मग तुम्ही सगळे झुडपांत वाकून चेंडू शोधताय, कॅप्टनसाहेब हातमोजे फाडून घेताहेत, आणि मी गाठोडं सावरायला गेले तर टप्! चेंडू चादरीतून माझ्या बुटावर.

कॅप्टनसाहेब म्हणाले, "धुण्याचा नियम. दंड नाही." तू स्वतः म्हणालास, "मावशी धुणं उचलणारच, तिचा हक्क आहे." मीही म्हटलं, हक्क आहे. सगळं मिटलं होतं. आणि या माणसानं टोपी काढली. (हा टोपी काढायला लागला की समजावं, आपलं काहीतरी जाणार.) "साहेब," म्हणाला, "धुणं उचलणारी बाहेरची असेल तर दंड नाही. पण ही माझी कॅडी आहे. कॅडीनं चेंडू हलवला तर दोन फटके."

मी म्हटलं, "पिशवी तर मी खाली ठेवली होती!"

"ठेवली असलीस तरी पिशवी तुझीच, बेथी. अठरावा होल संपेपर्यंत तू माझी कॅडी. बायको त्यानंतर."

चर्चमध्ये, सगळ्या गावासमोर लग्न लावलेली बाई मी, आणि दोन फटक्यांसाठी मला भर पावसात काडीमोड! कॅप्टनसाहेब हसायला लागले आणि मग त्यांच्या लक्षात आलं की हा चेष्टा करत नाही. अठराव्या होलवर त्यानं हात पुढे करून काठी मागितली तेव्हा मी त्याच्या हातात छत्री दिली. त्यानं ती निरखून पाहिली, वारा पाहिला, म्हणाला, "चाललीही असती." आणि एका फटक्यानं हरला.

ही खोड आजची नाही. अनवाणी पायांनी लोकांच्या पिशव्या वाहत वाढलेला हा पोरगा, काठ्या करायला शिकला, मग मारायला शिकला, आणि आमच्या लग्नाच्या वर्षी मोठ्या स्पर्धेत शेवटच्या दिवशी सगळ्यांच्या पुढे होता. वाळूच्या टेकाडामागे, जिथे कुत्रंसुद्धा बघत नव्हतं, वाऱ्यानं याचा चेंडू जरासा हलला. यानं जाऊन सांगितलं. दंडामुळे दुसऱ्या नंबरावर आला. पेपरात नाव छापलं, चांदीची किटली मिळाली (बटणं ठेवते मी तिच्यात, चहा ओतला की गळते). मी तेव्हा विचारलं होतं, गप्प राहिला असतास तर? म्हणाला, "चेंडू हलला होता गं." बस्स. त्यानंतर जन्मभर त्यानं लोकांना शिकवलं. एका जमीनदाराला अकरा वर्षं शिकवलं आणि त्यानं शेवटी नीट मारलेला पहिला चेंडू दूधवाल्याच्या घोड्याला लागला. (घोडा बरा आहे.) यानं कुणाला कधी नालायक म्हटलं नाही. तुलासुद्धा नाही, आणि तू तेव्हा होतास.

आता मुद्द्याचं. हरून घरी आला त्या संध्याकाळी हा माणूस शिट्टी वाजवत होता. दारूच्या दुकानात जाऊन ज्याला त्याला सांगत होता, "आमच्या लॅकीनं हरवलं मला. शेवटच्या होलवरचा त्याचा फटका पाहिलात?" लोक त्याला पाजत होते आणि तो सांगत होता. तीन दिवस शिट्टी. मग तुझं पत्र आलं. तेव्हापासून घरात शिट्टी नाही. बाकावर बसतो, तासायला लाकूड घेतो आणि नुसतं हातात धरतो. तू समजतोस तू मोठं मन दाखवलंस. अरे मूर्खा, तू जिंकलाच नसशील तर त्यानं टोपी काढली कशासाठी? मला पावसात काडीमोड दिला कशासाठी? तू जागा घे, म्हणजे निदान त्या दोन फटक्यांचं काहीतरी झालं म्हणता येईल.

आणि घर जाईल म्हणून लाजत असशील तर तेही नको. मास्तर तू, घर तुझं. तुझी माडीवरची खोली तुझी. आम्ही खाली. पूर्वी आम्ही तुला ठेवून घेतलं, आता तू आम्हाला ठेवून घे, भांडी तरी मीच घासणार आहे. काकांना बाक दे आणि तरुण मास्तर म्हणून त्यांच्यावर थोडं ओरड, त्यांना बरं वाटेल. शुक्रवारी दुपारी कमिटी बसतेय. त्याआधी तुझ्या हातचं हो यायला हवं.

तुझी मावशी,
बेथिया

ता.क. काकांना हे पत्र माहीत नाही. मगाशी विचारत होते काय लिहितेस, मी म्हटलं बहिणीला, गुडघ्यांबद्दल. त्यामुळे आईला गुडघ्यांचं नक्की विचार, म्हणजे मी खोटी ठरणार नाही.

ता.क. खरं काम राहिलंच. जिन्याखाली तुझी जुनी पिशवी पडली होती ना, पट्टा तुटलेली? काल रात्री काकांनी ती बाहेर काढली, चामड्याला तेल लावलं, नवा पट्टा शिवला, आणि मला दिसू नये म्हणून परत जिन्याखाली ठेवली. पट्टा तुझ्या खांद्याच्या मापाचा नाही, त्यांच्या खांद्याच्या मापाचा आहे. पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेला तुला कॅडी लागेल. तू त्यांना विचार. पण दया केल्यासारखं नको, अडल्यासारखं विचार. कंबर दुखते म्हणतील, ऐकू नकोस.

ता.क. मी कॅप्टनसाहेबांना कालच सांगून टाकलंय की तू हो म्हणालास. ते म्हणाले लॅकीच्या हातच्या दोन ओळी आणा. तेव्हा गुरुवारच्या टपालानं त्या आल्या नाहीत तर मी खोटारडी, आणि या घरात खोटं बोलणाऱ्याला तुम्ही दोघं पहिल्या होलवर उभं करून दंड लावाल. गुरुवार. पत्ता अजून तोच आहे.