रोजची चार मिनिटं

रवि. ६ मार्च ८८
आबांचं घड्याळ उघडलं. मागचं झाकण अर्धा तास हलेना. आत तीस वर्षांचा घाम. सतरा खड्यांचं, स्विस. गावच्या शाळेत शिपाई म्हणून लागले त्या वर्षी घेतलेलं. दिवसाला चार मिनिटं पुढे पळतं, हे मी लहानपणापासून ऐकतोय. चावीचा दांडाही झिजलेला. वेळ लावायला ओढला की हातात येतो.
स्वतःहून देत नव्हते. एप्रिलअखेर निवृत्त होणार, त्याआधी एकदा नीट करून देतो म्हणून जवळजवळ हिसकावून आणलं. तोवर माझं एक घड्याळ त्यांना दिलं.
‘चाललंय ना त्ये,’ म्हणत होते.
चाललंय म्हणजे काय. चार मिनिटं.

सोम. ७ मार्च
खाली रफीकभाईंचे सोळा लूम. टेबल थरथरतं, टेबलावरचं सगळं थरथरतं. एक स्क्रू उडाला. पाऊण तास फरशीवर पालथा. सुमन झाडू घेऊन दारात उभी. ‘केर मी काढू, की तोही भिंग लावून तुम्हीच काढणार?’
स्क्रू माझ्याच बाहीत होता.
एस. वाय.चे पेपर तपासायचे राहिले.

शुक्र. ११ मार्च
लूमची सुट्टी. टेबल स्थिर. कॉलेजातून आल्या आल्या बसलो.
दोष सापडला. बॅलन्सच्या केसासारख्या स्प्रिंगचे दोन वेढे एकमेकांना चिकटलेले. मध्ये तेलाचा ठिपका. सगळं बेन्झिनमध्ये धुतलं. वेढे सुटे झाले, स्प्रिंग मोकळा श्वास घेऊ लागली. नवा दांडा बसवला.
तीस वर्षांची चार मिनिटं म्हणजे टाचणीच्या टोकाएवढं तेल. आजवर एकाही घड्याळजीने हे पाहू नये? सगळ्यांनी नुसतं पुसून परत दिलं असणार.

शनि. १९ मार्च
आठ दिवस रेडिओच्या पिपेशी ताडून पाहिलं. आठ दिवसांत वीस सेकंद. सु.ला सांगितलं. ‘बरं,’ म्हणाली.

रवि. २० मार्च
गावचा दूधवाला गणपत सकाळी माझं घड्याळ परत घेऊन आला, आबांचं घेऊन गेला. सोबत चिठ्ठी दिली: ‘घड्याळ झालं. रोजची चार मिनिटं काढली.’
सहा शब्द. वर्गात हेच सांगतो. लागतं तेवढंच लिहा.

शनि. २६ मार्च
गणपत दूध मापता मापता म्हणाला, ‘मास्तर, काल आबानं घंटाच न्हाय दिली.’
काल चौथीची परीक्षा. अकराला पेपर. बाहेरून आलेले पर्यवेक्षक पाकीट हातात धरून उभे. त्यांच्या घड्याळात अकरा. आबा रुळाच्या तुकड्याखाली, हातात हातोडी. घंटा देईनात.
‘अजून वीस मिन्टं हायत सायेब.’
साहेब ओरडले. आबा हलले नाहीत. साहेबांनी हेडगुरुजींकडे पाहिलं. हेडगुरुजी म्हणाले, आबा म्हणतात म्हणजे असतील. बाकीच्या गुरुजींनी आपापली घड्याळं पाहिली. ती आबांच्या घंटेवरच लावलेली. गावातली दोन माणसं कुंपणापाशी येऊन साहेबांनाच समजावू लागली.
पेपर अकरा-वीसला सुरू झाला.
‘घड्याळ तू केलंस न्हाय?’ गणपत म्हणाला. आजचं दूध पातळ होतं, तेही बोलायचं राहून गेलं.

रवि. २७ मार्च
वज्रेश्वरीच्या एस.टी.ने गावी. आबा ओटीवर. घड्याळ समोर, उपडं.
मी म्हटलं, घड्याळ बरोबर आहे. ते म्हणाले, माझी घंटाबी बरोबर हाय. असं बराच वेळ.
मग एकदाचं कळलं. दांडा हातात येतो म्हणून ते वेळ फक्त रविवारी लावायचे, सातच्या बातम्यांना. पुढे आठवडाभर वजाबाकी. सोमवारी चार, मंगळवारी आठ, बुधवारी बारा. शुक्रवारी वीस. शनिवारी चोवीस. पाहिलं की आपोआप वजा. तीस वर्षं. घंटा कधी एका मिनिटाने हलली नाही.
मी त्या घंटेवर चार वर्षं शिकलो. त्या माणसाच्या घरात वाढलो. मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, रोज लावत असतील.
‘पण मी चिठ्ठी दिली होती. चार मिनिटं काढली म्हणून.’
‘व्हय. वाचली की. म्हटलं पोरगा शिकलेला, त्यानंबी मोजली, त्यालाबी चारच आली. मग मी काढत गेलो.’
काढली. मी घड्याळातून काढली, ते वेळेतून काढतात. शब्द एकच. आणखी चार शब्द लिहिले असते तर शाई संपणार होती का?
‘मग माझं घड्याळ पंधरा दिवस वापरलंत, त्यातून नाही काढली?’
‘त्यातनं कशाला काढू? त्ये तुझं.’
सोमवारपासूनच घंटा उशिरा होत होती. चार, आठ, बारा, सोळा. कुणालाच कळलं नाही, कारण सगळ्यांची घड्याळं तिच्यामागे चाललेली.

मंगळ. २९ मार्च
मेमो आला. ‘कर्तव्यात कसूर. आठ दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.’ गणपतबरोबर आबांनी माझ्याकडे पाठवला. सर्व्हिस बुकात आजवर लाल शाईचा एक शेरा नाही. निवृत्तीला महिना.
सोबत घड्याळ. निरोप: व्हतं तसं करून दे. ते येईस्तोवर घंटेला हात लावणार न्हाय.
हेडगुरुजींनी भिंतीवर सेलचं घड्याळ लावलंय. घंटा सध्या सातवीचे गुरुजी देतात. म्हणजे आबा रोज शाळेत जातात आणि दुसऱ्याची घंटा ऐकत बसतात.

गुरु. ३१ मार्च
खुलाशाचा मसुदा. चार पानं झाली. सगळं लिहिलं: तेल, दांडा, वजाबाकी, माझी चिठ्ठी. शेवटी, चूक सर्वस्वी माझी.
संध्याकाळी गावी जाऊन वाचून दाखवला. आबांनी शेवटपर्यंत ऐकला.
‘ह्ये दिलं तर काय व्हईल म्हायती हाय? सायेब म्हनतील, म्हंजे तीस वर्सं ह्यो मानूस बिघडलेल्या घड्याळावर घंटा देत व्हता.’
‘पण घंटा बरोबर होती.’
‘त्ये आपल्याला म्हायती. कागदाला कुठं म्हायती?’
पानं फाडली. खुलासा द्यावा तर तीस वर्षांवर शेरा, न द्यावा तर एका दिवसावर. परतीच्या गाडीत एकजण विचारतो, मास्तर किती वाजले. नाही सांगितलं.

शुक्र. १ एप्रिल
लूम बंद. बॅलन्सवरची बारीक कांडी ‘जलद’कडे सरकवली. नीट चालणारं घड्याळ हाताने बिघडवणं. चिमटा दोनदा सुटला.
सु.: ‘लोक घड्याळं बरोबर करतात.’
चिमटा तिसऱ्यांदा उचलला.

रवि. ३ एप्रिल
सहा मिनिटं पुढे. कांडी मागे घेतली. दोन. केसभर सरकवायची म्हणजे खरोखर केसभर.
वेळ बरोबर दाखवायला लावणं सोपं. ठरावीक चुकायला लावणं, रोज तेवढंच, ना कमी ना जास्त. हे मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नाही.

मंगळ. ५ एप्रिल
खुलाशाची उद्या मुदत. संध्याकाळी गावी गेलो तर आबांनी हेडगुरुजींच्या हाताने आधीच लिहून घेतलेला. एकच ओळ: ‘घड्याळ दुरुस्तीला दिले होते.’ खाली सही. तीच सही, पगाराच्या वहीतली, जोडाक्षर उलटं.
‘एवढंच?’
‘खोटं हाय का?’
खोटं नाही. चार पानांत मला जमलं नव्हतं.

शुक्र. ८ एप्रिल
टेबलावर चार मिनिटं येतात, खिळ्यावर टांगलं की तीन. आबा रात्री खिळ्याला टांगतात. दिवसा उजव्या हाताला बांधतात. त्याच हाताने टोले.
म्हणजे घड्याळाला आबांसारखं राहायला लावलं पाहिजे. उद्यापासून उजव्या मनगटावर. कॉलेजात सहकारी विचारतील, डावा हात दुखतो का. हो म्हणायचं.

रवि. १० एप्रिल
टोल्यांचा प्रश्न. गॅलरीत लोखंडी पाइप टांगला, हातोडीने मारून पाहिलं. दिवसाला आठ वेळा, शाळेच्या वेळेप्रमाणे.
दुपारच्या टोल्यांना खालचे चार लूम थांबले. रफीकभाई जिन्यात आले. ‘सर, आपकी घंटी पे मेरे कारीगर चाय पीने निकल गए.’
माफी मागितली.
‘घड़ी बना रहे हो?’
‘बिगाड़ रहा हूँ.’
‘पढ़े-लिखे आदमी का काम है,’ म्हणाले आणि गेले. आता कारीगर मला बघून हसतात.

गुरु. १४ एप्रिल
जयंती. आबा मिरवणुकीला आले. पांढरा सदरा, मनगट रिकामं. हार घालताना मनगटाकडे नजर जाते, परत येते. दुपारी जेवायला थांबले. मी घड्याळ दाखवलं. कानाला लावलं, डोळे मिटले.
‘किती पळतं?’
‘पावणेचार.’
‘चार पायजे. पावनेचारची वजाबाकी मला येत न्हाय.’
सु. हसली. मग मीही. आबा हसले नाहीत. पावणेचारने शनिवारपर्यंत दीड मिनिटाचा फरक पडतो. त्यांनी मनात कधीच काढला होता.

रवि. १७ एप्रिल
तीन दिवस. चार, चार, चार. टेबल, खिळा, हात, टोले धरून. तीस वर्षांपूर्वी तेलाच्या ठिपक्याने फुकट केलं ते मला सतरा दिवस लागले.
गणपतकडे दिलं. चिठ्ठी लिहायला बसलो. ‘घड्याळ रोज चार मिनिटे पुढे जाईल. आपण पूर्वीप्रमाणे वजा करावीत. सोमवारी चार, मंगळवारी आठ...’ शनिवारपर्यंत सगळं लिहिलं. गणपत मापं वाजवत उभा. ‘मास्तर, म्या तोंडी सांगू का?’
नको म्हटलं.

शुक्र. २९ एप्रिल
बारा दिवस काही कळलं नाही. खुलाशाला उत्तर नाही. आज गणपतला विचारलं, घड्याळ कसं आहे.
‘आबा म्हनला, बरोबर हाय.’
‘बरोबर म्हणजे? चार मिनिटं पुढे की बरोबर?’
गणपतने माझ्याकडे पाहिलं. ‘बरोबर म्हंजे बरोबर, मास्तर.’
हा शब्दही गेला.

शनि. ३० एप्रिल
रजा टाकून गावी. सकाळची शाळा, साडेअकराला सुटते. माझं घड्याळ सातच्या पिपेवर लावून नेलं. मुद्दाम.
हेडगुरुजी ऑफिसच्या दारात. आबांना भिंतीवरचं सेलचं घड्याळ बघून घंटा द्यायची सूचना आहे. आबांनी तिकडे पाठ केलेली. हातोडी डाव्या काखेत, उजवं मनगट डोळ्यांजवळ. ओठ हलत होते. चोवीस.
पहिला टोला पडला तेव्हा माझ्यात साडेअकरा वाजून एक मिनिट. पोरं पळाली.
मिनिट माझं. त्यांची वजाबाकी बरोबर होती. कांडी अजून केसाच्या चौथाईने हलवायला हवी होती. हेडगुरुजींनी भिंतीकडे पाहिलं, मग आपलं घड्याळ काढून घंटेवर लावलं.
नारळ, शाल, चहा. साहेब आले नाहीत. सर्व्हिस बुक तालुक्याला गेलंय. शेरा पडला की नाही, हेडगुरुजींनाही माहीत नाही. कळेल म्हणाले.
एस.टी.पाशी आबांनी घड्याळ सोडून माझ्या हातात दिलं.
‘आता काढ.’
‘काय काढू?’
गाडी सुरू झाली होती. आबा काहीतरी म्हणाले. इंजिनात ऐकू आलं नाही.

रवि. १ मे
सकाळी सात. पिप वाजली. आबांचं घड्याळ टेबलावर, सत्तावीस मिनिटं पुढे. खाली लूम चालू, टेबल थरथरतंय.
चिमटा काढला. दांडा ओढून नुसती वेळ लावायची, की मागचं झाकण उघडून
सु. विचारतेय, चहा आत्ता की नंतर.