निखिलचा जपानी देव

रविवार, संध्याकाळ. ब्योब्लिंगेन, जर्मनी

डोकं अजून तडतडतंय. ऑफिसमधला निखिल जपानमधल्या क्योतोहून परतला, म्हणून आज त्याने आम्हाला घरी जेवायला बोलावलं होतं. जेवण नावाला, खरा बेत फोटो दाखवायचा. स्वतंत्र गाइड घेऊन एका दिवसात सगळी देवळं उरकली, आणि आता हा आम्हाला शांतता शिकवणार! एका फोटोत साहेब डोळे मिटून देवळापुढचा जाड दोर हलवताहेत, घंटा वाजवताहेत.

"गाइड म्हणाला, ही देवाला हाक मारायला असते. काय डीप आहे ना?"

त्याच्या आई साताऱ्याहून आल्यात. त्यांनी विचारलं, "अरे, मग आपली कशाला असते?"

"आई, तुला नाही कळणार. तिथे आपल्यासारखा गोंगाट नसतो."

गोंगाट! काकूंची पूजेतली एवढीशी पितळी घंटा यानेच कपाटात टाकलीय, शेजारच्या जर्मन बाईंना त्रास होईल म्हणून. त्या बाईंनी कधी तक्रार केली का, मी विचारलं. "नाही, पण आपणच समजून वागावं," म्हणे. तिकडच्या घंटेचे मात्र फोटोच फोटो!

मला राहवेना. म्हटलं, "काकू, उद्यापासून पूजेला माझ्याकडे या. हवी तेवढी वाजवा."

वाटलं, आता तरी ओशाळेल. कसलं काय!

"गेनाऊ, अगदी बरोबर! आई, जाच तू. मलाही सकाळी मेडिटेशन करता येईल."

काकू उठल्या, कपाटातून घंटा काढली आणि माझ्या पर्समध्ये ठेवली.

"देवाचं काय?" मी विचारलं.

"तोही येईल. इथे त्याला कोण हाक मारतंय?"