दोनशे चौदा ऐन

१२ जानेवारी, सोमवार

आज ईमेल आला. वाघओहळबद्दल! वीस वर्षांनी कुणाला तरी आठवण झाली.

तिथल्या डोंगरावरची कुऱ्हाडबंदी या वर्षी संपते आहे. ती आणखी वीस वर्षं वाढवायची की डोंगर गावाच्या हाती द्यायचा, हे ठरवायला समिती बसणार आहे. ९ फेब्रुवारीला. 'बंदी आपल्या २००५च्या अहवालाच्या आधारे लागू झाली असल्याने आपण व सहलेखकांनी उपस्थित राहावे.'

सहलेखक म्हणजे सोमनाथ सर. ते समाजशास्त्राचे, मी वनस्पतिशास्त्राची. झाडं आणि माणसं एकत्र समजून घ्या म्हणून आम्हाला एका जीपमध्ये बसवलं होतं. तेव्हा हे नवीनच होतं. अहवाल दिला आणि नंतर सरांचा एक फोन नाही. का, ते मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.

खरं सांगायचं तर ईमेल वाचून मी हरखले. निवृत्त बाईला बोलावतं कोण? हळदीकुंकवाला तेवढं.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगुळाचे चोवीस मेसेज पाठवले. सरांचं नाव तीनदा उघडलं, तीनदा बंद केलं.

१७ जानेवारी, शनिवार

माळ्यावरून अहवाल काढला. खाकी पुठ्ठा, कडेला वाळवी. पण आत सगळं शाबूत.

वाचायला बसले आणि वाचायचं राहूनच गेलं. पहिल्या पानातून एक वाळकं ऐनाचं पान निघालं, आणि मी पेठ रस्त्याला लागले! पहाटेची जीप. गाडी चालवायला केरू. करंजाळीला चहा, काचेच्या ग्लासात, इतका गोड की सर म्हणायचे — 'मॅडम, ह्यात चहा घालायला विसरलेत.' वाघओहळला गावातल्या भागीबाईच्या ओट्यावर नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी. मी नोकरी तीस वर्षं केली, पण तिन्हीत्रिकाळ हसले ती दोनच वर्षं.

गावातल्या बाया ऐनाच्या फांद्या तोडत, वाळवत, आणि उन्हाळ्यात वाफ्यावर पसरून जाळत. राब भाजायचा म्हणतात. त्या राखेत भात-नागलीची रोपं जोमाने येतात. मी मात्र ते बोडके ऐन बघून हबकले होते. रडूच आलं होतं, आठवतं. भागीबाई पुढे आणि मी मागे — अशी दोनशे चौदा झाडं मोजली. प्रत्येकावर नंबराचा पत्र्याचा बिल्ला ठोकला. एकशे एकाहत्तर झाडांपुढे लिहिलं — 'मरणपंथाला'. निघताना भागीबाईला म्हटलं, 'पुढच्या वर्षी येते, हीच झाडं परत मोजायला.'

गेले नाही. बढती, बाबांचं आजारपण, मग राहूनच गेलं.

मी झाडं मोजत असायचे तेव्हा सर पाड्यावर म्हाताऱ्यांशी गप्पा मारत बसलेले असायचे. मला वाटे, काय मजा आहे माणसाची! केरू एकदा म्हणाला होता, 'तुम्ही दोघं एका गाडीत बसता, एका डब्यात जेवता, आन् वह्या तेवढ्या येगयेगळ्या पिशवीत.' आम्ही किती हसलो होतो.

२४ जानेवारी, शनिवार

आज वाघओहळला जाऊन आले. समितीपुढे बोलायचं तर डोंगर एकदा बघून घ्यावा, इतकंच डोक्यात होतं.

डोंगर हिरवागार. माझी मान ताठ! मनात भाषणाचं पहिलं वाक्यसुद्धा जुळवलं.

पाड्यात मात्र सामसूम. निम्म्या घरांना कड्या. भागीबाई ओट्यावर बसलेली, पार वाळलेली, गुडघे गेलेत. मला बघताच ओळखलं. पहिला शब्द —

'मोजाया आल्या का, बाई?'

टोमणा बसला. मी हसण्यावारी नेला. म्हटलं, 'नाही हो, तुम्हाला भेटायला.' तिने मान वळवून डोंगराकडे बघितलं.

सून मीना चहा घेऊन आली. तिचा नवरा देवराम पिंपळगावला द्राक्षाच्या कामावर गेलाय, दिवाळीनंतर गेला तो उन्हाळ्यातच येईल. 'पयले नाय जायचे,' मीना म्हणाली. 'राब व्हता तवा घरचा भात वरीसभर पुरं. आता रोपंच नाय धरत. कोयता घिऊन डोंगरात गेलं का पकडत्यात.'

मी म्हटलं, पण झाडं मरत होती ना. मी स्वतः मोजली होती.

भागीबाईने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी वर्गातल्या पोरांकडे बघायचे.

'मरतील कशी? डोंगराचं तीन वाटं व्हतं. यंदा ह्यो, फुडल्या साली त्यो. तोडला त्याला दोन वर्सं हात नाय लावायचा. देवीम्होरं ठरायचं. तुमी आल्या तवा ओहळापासून बसक्या खडकापर्यंतची पाळी व्हती. म्या तिकडंच तर न्हेलं तुमाला. बाया तिथंच व्हत्या ना!'

बाया तिथेच होत्या. सोबत होती, पायवाट होती, चारला जीप निघायची होती. म्हणून मी त्यांच्यामागे गेले आणि जिथे त्या तोडत होत्या नेमकी तीच झाडं मोजली. बाकीचे दोन भाग मी पाहिलेच नाहीत! चिठ्ठ्या टाकून जागा निवडायची, सोयीची जागा घ्यायची नाही — हे मी पोरांना तीस वर्षं शिकवलं. न चुकता, दरवर्षी पहिल्याच तासाला.

परतीच्या वाटेवर करंजाळीला थांबले. चहा तसाच ठेवून निघाले.

२५ जानेवारी, रविवार

सकाळी सरांना फोन केला. 'बोला मॅडम,' म्हणाले. जणू काल संध्याकाळीच जीपमधून उतरलो होतो.

मी एका दमात सगळं सांगितलं. पाळीचं, तीन वाट्यांचं. शेवटी ओरडलेच — 'तुम्ही रोज त्या म्हाताऱ्यांत बसायचात! तुम्हाला हे कळलं नाही?'

सर म्हणाले — 'पान एकसष्ट.'

'काय?'

'आपल्या अहवालाचं. माझ्या भागातलं. बघा.'

फोन तसाच चालू ठेवून पान काढलं. परिच्छेद तिसरा. तीन वाटे, पाळी, देवीपुढचा ठराव, बसका खडक. सगळं लिहिलेलं, स्वच्छ मराठीत. छापलेलं. खाली दोघांच्या सह्या. एक माझी!

मी वाचलंच नव्हतं. गप्पा म्हणून सोडून दिलं होतं.

'म्हणून फोन नाही केलात इतकी वर्षं?'

'मला वाटलं, तुम्ही वाचून बाजूला सारलंत,' सर म्हणाले. 'वाचलंच नसेल हे डोक्यात आलं नाही.' मग बारीक आवाजात, 'तुमचं तरी मी कुठे वाचलं? सगळे तक्ते होते. शेवटची शिफारस बघितली, जिवाला लागलं, पण सही केली. झाडाचं झाडवाल्यांना ठाऊक, म्हटलं.'

दोघंही रडलो बहुतेक. त्यांचं नीट कळलं नाही, सर्दी आहे म्हणाले.

२ फेब्रुवारी

गप्प बसले तर? कुणाला कळणार आहे? पान एकसष्ट वीस वर्षांत कुणी उघडलेलं नाही. वाघओहळचा अभ्यास अजून वनाधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात शिकवतात. माझ्या नावावर दुसरं आहे काय?

३ फेब्रुवारी

नाशिकरोडला सरांकडे गेले. गच्चीतून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. सर काठी घेऊन चालतात आता. जुन्या वह्या काढून बसलो. या वेळी मी त्यांची वाचली, त्यांनी माझी. सर वाचता वाचता म्हणाले, 'तुम्ही प्रत्येक झाडापुढे पाखरंसुद्धा लिहिलीत हो! मला वाटलं नुसते आकडे.' किती बरं वाटलं म्हणून सांगू!

९ फेब्रुवारी, सोमवार

बोलले. उभी राहून, सरळ — 'ही बंदी माझ्या चुकीवर उभी आहे.' पान एकसष्ट मोठ्याने वाचलं. सर शेजारी काठीवर हात ठेवून बसले होते.

अध्यक्ष सभ्य माणूस. शांतपणे म्हणाले, 'मॅडम, तुमची झाडं एकाच वाट्यातली होती हे कशावरून? नकाशा?'

नकाशा हाताने काढलेला. विभागाच्या कपाटात होता, रंगकामात गेला. जीपीएस तेव्हा आमच्याकडे होतं कुठे?

'मग हे आज आठवून सांगताय. तेव्हाचे आकडे मात्र लेखी आहेत.' महिनाअखेर निर्णय. पुरावा असला तर तोवर द्या. नाहीतर बंदी वाढेल हे त्यांनी जवळजवळ सांगितलंच.

माझ्याच आकड्यांनी माझं तोंड बंद केलं. वाघओहळची घरं आणखी वीस वर्षं कडीबंद राहणार, आणि माझ्यामुळे.

रिक्षात सर म्हणाले, 'ते बिल्ले?' मी म्हटलं, पत्र्याचे होते हो. वीस पावसाळे! पोरांनी केव्हाच खेळायला नेले असतील. तरी मीनाकडून नंबर घेऊन देवरामला फोन लावला. शिवरात्रीला दोन दिवस घरी जाणार आहे, म्हणाला. बघतो.

१६ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी देवरामचा फोन. काल अख्खा दिवस डोंगरात होता. बिल्ले आहेत! सालीत निम्मे रुतलेत, पण नंबर दिसतात. दोनशे बारा. सगळे ओहळ ते बसका खडक, पलीकडे एकही नाही.

मी आकडा वहीत लिहून घेतला. तो बोलतच होता. 'आईनं कुनाला हात लावू दिला नाय, मॅडम. आमी लहान व्हतो तवा काढाया गेलो तर काठी घिऊन मागं लागली. बाई परत मोजाया येनार हायेत, म्हनली. दोन झाडं वाऱ्यानं पडली, त्येंचे बिल्ले डब्यात ठिवलेत तिनं. तुमचा आकडा चुकाया नको म्हनून.'

म्हणजे त्या दिवशी ती खरंच विचारत होती.