शिक्का गोंदियाचा

गोंदिया,
बुधवार

प्रिय संघदीप,

पाकीट हातात आलं की तू आधी पत्ता वाचत नाहीस, शिक्का पाहतोस. डाकसेवकाची खोड आहे ती, मला ठाऊक आहे. तेव्हा हे पत्र पुण्याहून आलेलं नाही हे तुला एव्हाना दिसलंच असेल. शिक्का गोंदियाचा आहे आणि तो चुकून पडलेला नाही. मी गोंदियात आहे. आज-कालपासून नाही, जानेवारीपासून. आता रागाने पाकीट परत थैलीत टाकू नकोस. येत्या सोमवारच्या आत मला तुझ्याकडून एक गोष्ट हवी आहे. ती मी शेवटी सांगणार आहे, कारण बाकीचं वाचल्याशिवाय ती तुला पटायची नाही.

तू म्हणशील, फोन काऊन नाही केला. काल तीनदा तुझा नंबर काढला आणि तिन्हीदा रिंग जायच्या आत कापला. खरं सांगू, फोन कानाला लागला की माझ्या तोंडून आता खरं निघतच नाही, इतकी सवय झाली आहे. कागदावर लिहायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात खोट्याची लाज वाटायला लागते. शिवाय तूच कुरकुर करायचास की थैलीत नुसती आधार कार्डं आणि बँकेच्या नोटिसा असतात, माणसाने माणसाला लिहिलेलं एक पत्र नसतं. घे. स्पीड पोस्टने पाठवते आहे, स्वतःची सही स्वतःच घे.

मी मिल का सोडली ते तुला अर्धंच माहीत आहे. चार वर्षं मी तांदळाचे नमुने तपासले. ताटलीत मूठभर तांदूळ घ्यायचा, अख्खा दाणा एकीकडे, तुटलेली कणकी दुसरीकडे, काळा दाणा तिसरीकडे, मग वजन करून टक्केवारी लिहायची. काम कंटाळवाणं होतं पण माझ्या बोटांना येत होतं. तपासणीचा साहेब यायचा त्या दिवशी मुनीम केवळराम हळूच सांगायचे, बाई, परखी तिसऱ्या थप्पीत खुपसा. पोत्यातून दाणे काढायची ती लोखंडी नळी मी निमूट तिसऱ्या थप्पीत खुपसायची, कारण चांगला माल तिथेच रचलेला असायचा. मग एक दिवस मिलमध्ये यंत्र आलं. त्याच्याखाली तांदूळ पसरला की ते फोटो काढून मिनिटभरात सगळे दाणे मोजायचं, आणि माझ्यापेक्षा बरोबर मोजायचं. केवळराम म्हणाले, “आता तुमचं का काम उरलं, बाई?” ते वाईट मनाने म्हणाले नव्हते. पण मला तेव्हाच वाटलं, यंत्रापुढे हात जोडून बसण्यापेक्षा यंत्राला काय करायचं ते सांगणाऱ्यांत जावं.

सोळा आठवड्यांत सॉफ्टवेअर इंजिनिअर, असं जाहिरातीत होतं. पुण्याला पहिल्याच दिवशी दहावीपासून बीएस्सीपर्यंतच्या माझ्या मूळ गुणपत्रिका संस्थेने जमा करून घेतल्या. पडताळणी करून परत देतो म्हणाले. अजून पडताळणी चालू आहे. कोड लिहायला मात्र मला फार आवडलं, हे आवर्जून सांगते, नाहीतर तुला वाटेल कोल्ह्याला द्राक्षं आंबट. पहिले सहा आठवडे एक बाई जीव लावून शिकवायच्या. मी एक छोटासा प्रोग्राम लिहिला होता, दाण्यांचे आकडे टाकले की कणकीची टक्केवारी सांगणारा. तो पहिल्यांदा बिनचूक चालला तेव्हा मी भर वर्गात एकटीच हसत बसले होते. सातव्या आठवड्यात त्या बाई सोडून गेल्या. पुढे पडद्यावर आधीच भरून ठेवलेले धडे आणि समोर आम्ही ऐंशी जण. अडलं तर एकमेकांना विचारा, म्हणजे आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवायची. मी अकरा मुलाखती दिल्या आणि अकरा ठिकाणी गोड शब्दांत नाही ऐकलं. ऐंशीतल्या पाच जणांना खऱ्या नोकऱ्या लागल्या. त्यातले चौघे आधीच इंजिनिअर होते.

मग संस्थेनेच मला नोकरी दिली. पत्रावर इंग्रजीत भारदस्त हुद्दा होता आणि काम होतं फोन करून नवीन मुलं गोळा करायचं. नोकरी लागली म्हणून माझंही नाव यादीत गेलं, माझ्यासारख्या कितीतरी जणांचं गेलं, आणि संस्थेने छापलं, नव्वद टक्के विद्यार्थ्यांना नोकरी. मी पाहताक्षणी ओळखलं. ही तिसरी थप्पी होती, आणि या वेळी थप्पीत मीच होते.

हे सगळं मी मागच्या वर्षी दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला गावी आल्यावर सांगणार होते. पण बाबांना मी मोबाइलवर ते पत्र पाठवलं होतं आणि त्यांनी ते सरपंच भैयाजींना दाखवलं. इंग्रजी दोघांचंही जेमतेम. मी गाडीतून उतरले तर स्टेशनबाहेर माझाच फ्लेक्स. ‘दरेकशाची पहिली सॉफ्टवेअर इंजिनिअर कु. दामिनी श्यामलाल पटले हिचे हार्दिक अभिनंदन’, खाली सतरा शुभेच्छुकांचे फोटो, त्यात तूही, डोळे मिटलेला. संध्याकाळी नाटकाच्या आधी स्टेजवर शाल दिली, नारळ दिला आणि माइकही हातात दिला. सांगायची वेळ तीच होती. मी सर्वांचे आभार मानले आणि खाली बसले. आई पहिल्या रांगेत पदराने डोळे पुसत होती. दुसऱ्या दिवशी तू मला गाडीत बसवायला आलास, आणि गाडी हलायच्या आधी खिडकीशी येऊन विचारलंस, तुझ्यासाठी थांबू का. मी म्हणाले, पुण्याहून परत आल्यावर सांगते. तुला वाटलं असेल पोरगी भाव खाऊन राहिली. मी तुझ्या खांद्यावरून त्या फ्लेक्सकडे बघत होते.

जानेवारीत संस्थेने गोंदियात शाखा उघडली आणि इकडची म्हणून मला इथे पाठवलं. बाजारात कपड्यांच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर आम्ही नऊ जण कानाला हेडफोन लावून बसतो. घरी काय सांगणार होते? पुण्याहून परत आले म्हटलं की का आलीस, आणि का आलीस म्हटलं की सगळंच. म्हणून घरच्यांसाठी मी पुण्यातच राहिले. खोलीवरून निघताना डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फने बांधते. उन्हाळ्यात त्यात काही वावगं नाही, आपल्याकडे सगळ्याच मुली बांधतात. आता डिसेंबरातही बांधते, तेव्हा खालचा दुकानदार विचारतो, मॅडम, तबियत ठीक है? मी मान हलवते. आपली गाडी स्टेशनात लागली की इथवर ऐकू येतं, आमगाव, सालेकसा, दरेकसा. तासाभराची वाट आहे रे, आणि मला जाता येत नाही.

मे महिन्यात बाबा बाजारात आले होते. मी खिडकीतून पाहिलं, उसाच्या रसाच्या गाडीशी गमछाने मान पुसत उभे होते. त्यांनी खिशातून फोन काढला आणि माझा वाजला. “का करून राहिली वं बाई? तिकडं पाणी आलं का? इकडं त नुसतं तपून राहिलं,” म्हणाले. मी त्यांच्या टकलाकडे पाहत सांगितलं, हो बाबा, पुण्यात आभाळ आहे. म्हणाले, “सांभाळून राह्य. गोंदियाले आलो होतो, तुह्याशिवाय गोंदिया सुनं लागते.” मग त्यांनी रस प्यायला आणि गेले. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. पाच मिनिटांनी पुढचा कॉल होता, तो घेतला.

दिवाळीला घरी आले तेव्हा मी गोंदियातच गाडीत चढले होते, आणि दोन दिवसांचा प्रवास करून आल्यासारखी थकून उतरले. आईने माझे पाय चेपले. मी चेपू दिले. तू बॅग उचललीस आणि म्हणालास, “कपडे त जराही चुरगळले नाही तुहे.” मी हसून टाळलं. तुझ्या नजरेला मी तेव्हापासून भिते. आता आई फोनवर कौतुकाने सांगते की भैयाजींनी तो फ्लेक्स आम्हालाच दिला आणि बाबांनी त्याने शेतात रचलेल्या धानाच्या पेंढ्यांचं पुंजणं झाकलं. म्हणजे सध्या मी शेतात धानावर पसरलेली आहे, हसऱ्या चेहऱ्याने.

माझ्या कामाबद्दलही सांगते, कारण त्याचीच मला सगळ्यात लाज आहे. इथे माझं नाव रुचिका. प्रत्येकीला वेगळं नाव देतात. पुण्याच्या मुली फोन करायच्या तेव्हा इकडची पोरं ऐकून फोन ठेवून द्यायची. मी “काऊन जी, जन्मभर हेच करत राहता का?” म्हटलं की समोरचा हसतो, आणि हसला की अर्धा आला. ज्या बोलीला पुण्यातल्या वर्गात हसायचे, तिच्यावर आता मी माणसं ओढते. एकोणचाळीस झाली. मुर्रीचा एक लग्न झालेला गडी, नागऱ्याच्या दोघी बहिणी. धाकटी मला अजून मेसेज करते, ताई, तुमच्यामुळे हिंमत झाली. मला सोडून जायचं आहे, पण गुणपत्रिका त्यांच्या कपाटात आहेत आणि या शाखेत दोन वर्षं भरल्याशिवाय मिळत नाहीत. त्या नसतील तर मला दुसरीकडे कोण उभं करणार? अजून तेरा महिने आहेत. माझं मी बघेन. मीच पाय घातला, मीच काढीन.

आता ती गोष्ट. काल सकाळी सोमवारी कुणाकुणाला फोन करायचे त्याची यादी आली. चौदाव्या ओळीत तुझं नाव होतं. वय, गाव, सध्याचं काम डाकसेवक, पुढे लिहिलेलं, राजीनामा देऊन बॅचला यायला तयार. आमच्याबद्दल कुठून कळलं, या रकान्यात तू लिहिलं आहेस, दामिनीचा फ्लेक्स पाहून. आणि कोणत्या शहरात काम करायला आवडेल, तर पुणे, तिथे माझं माणूस आहे. संघदीप, ते माणूस पुण्यात नाही. ते तासाभरावर तोंड बांधून बसलं आहे. तुझी टपालाची जागा गेली की परत मिळायची नाही. तुझ्या आईला, सुमनबाईंना, एकटं टाकून तू कुठे जाणार? आणि ज्या म्हाताऱ्यांचा अंगठा मशीनवर उमटत नाही म्हणून तू तो तीन-तीनदा पुसून, फुंकर घालून त्यांचं पेन्शन दारात देतोस, त्यांनी कुणाची वाट पाहायची? तुझी ओळ मी सोडून दिली असती तर ती माझ्या शेजारी बसणाऱ्या हेमेंद्रकडे गेली असती, आणि त्याच्या हातून आजवर कुणी सुटलं नाही. म्हणून ती ओळ मागून घ्यायला मी हात वर केला. सोमवारी सकाळी अकरा वाजता तुला फोन येईल. मी रुचिका बोलतेय म्हणेन. सगळं रेकॉर्ड होतं आणि आमचे साहेब ऐकतात, म्हणून मी जीव तोडून बोलेन, आपल्या बोलीत बोलेन, तुला हसवेन. मी हे काम चांगलं करते, तेव्हा जपून राहा. ओळख दाखवू नकोस. राजीनामा लिहिला असशील तर त्याआधीच फाडून टाक. तू खिडकीशी जे विचारलं होतंस त्याचं उत्तर हो आहे, तेव्हाही हो होतं, पण ते त्या फोनवर मागू नकोस. तिथे फक्त नाही म्हण. मी पुन्हा विचारेन, मला पुन्हा विचारावंच लागतं, तेव्हाही नाहीच म्हण, आणि माझं बोलणं संपायच्या आत फोन ठेव.

तुझीच,
दामिनी
(सोमवारी अकरा वाजता, रुचिका)