बालाजीचं हमीपत्र

१९ ऑक्टोबर, नांदेड
बेसबॉलचा सामना. बालाजीचे तीन होमरन. तिसरा चेंडू भिंतीपलीकडे, पेट्रोल पंपावर. नांदेडचे प्रशिक्षक माईकवरच बोलले, "लातूरची पोरं ताकदीच्या सुया घेऊन राहिली. मान बघा, बैलाची झाली."
मी उठलो. अर्धा तास बोललो. हे बळ ज्वारीच्या भाकरीचं आहे! भूकंपात माझे भाऊ-वहिनी गेले, हे तान्हं पोर ढिगाऱ्याखालून जिवंत निघालं. त्याला सुई लागत नाही! टाळ्या थांबेनात. बालाजी खाली बघत होता. वाटलं, लाजतोय.

२६ ऑक्टोबर, लातूर. नरक चतुर्दशी
बालाजी अंगाला तेल लावून घ्यायला नको म्हणत होता. माझ्या बायकोने, सुशीलाने, ओढून पाटावर बसवलं. "लहानपणापासून मीच घातली ना तुला आंघोळ? आता कसली लाज?" तेलाचा हात पाठीवर गेला आणि थांबला. पाठभर फोड. मांडीवर सुईचे डाग. मी दारातच होतो. तिने माझ्याकडे बघितलं.

२७ ऑक्टोबर
विचारलं. आधी, "व्हिटॅमिन हाय काका." मग भिंतीवर बुक्की. असा चिडका नव्हता हा. मग खाली बसला. "सगळेच घेतात. क्लासवाल्या पोरांना मार्क पायजेत, आमाला होमरन. राज्याच्या संघात गेलो की खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी."
मी भाषण सुरू केलं. घरातसुद्धा मला तेवढंच येतं. त्याने तोडलं.
"बस करा! दर भाषणात तुम्ही मला ढिगाऱ्यातून काढून राहिले. एकदा तरी माझा मला निघू द्या ना."
 

२ नोव्हेंबर
डॉक्टर म्हणाले, बालाजीचा रक्तदाब आत्ताच वाढलाय, काळजावर ताण आहे, सुया आजच बंद.
संध्याकाळी आमचे प्रशिक्षक हमीपत्र घेऊन आले. खेळाडूने बंदी असलेलं औषध घेतलेलं नाही, खाली पालकाची सही. "गुरुजी, तुमच्या शब्दावर कोन शंका घेतंय? नांदेडचं भाषण सगळ्यांनी ऐकलंय."
माझ्याच शब्दाने माझी मान धरली.

४ नोव्हेंबर
सुशीला : "मला पोरगं पायजे, होमरन नको."
बालाजी : "सही न्हाई, तर मी या घरात न्हाई."
दोन दिवस जेवला नाही. सही केली तर मी खोटा, आणि हा... न केली तर...

६ नोव्हेंबर
राज्याच्या निवडीला निघालेल्या संघाला निरोप. मैदानावर मांडव. सही न केलेलं हमीपत्र खिशात. सवयीने तोंडातून निघालं, "भूकंपाच्या त्या पहाटे..."
बालाजीने मान खाली घातली.
 माईक ठेवला. पायऱ्या उतरून त्याच्याजवळ गेलो, कागद हातात दिला. म्हटलं, "नांदेडला मी न विचारता तुझ्या वतीने बोललो. आता तूच यावर लिही. जे खरं असेल त्याच्याखाली सही करतो. तुझी नोकरी हुकली तरी घर तुझंच."
"आन् तुमचं नाव, काका?"
"जाऊ दे नाव."
कागद घेऊन तो मैदानाच्या टोकाला गेला. हे मांडवातल्या खुर्चीवर बसून लिहितोय. बस सुरू झाली, प्रशिक्षक हाका मारून राहिले. पेन माझ्याजवळच राहिलं. तो पाठमोरा उभा होता, आता वळला; पेनसाठी हात पुढे करून माझ्याकडे येतोय.