श्वास घेणारं प्रेत

सोमवार, सकाळी
मन प्रसन्न. टुकार सिनेमा मंडळाच्या अध्यक्षांनी शनिवारचा कार्यक्रम मला दिला. अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत, त्यामुळे लोकांनी तोंड उघडून हसलेलं त्यांना आवडतं. कार्यक्रम रंगला तर कायमचा सूत्रधार मीच. मग सूत्रधारपदावर डोळा ठेवून बसलेल्या त्या इन्शुरन्सवाल्याचा पत्ता कट. त्याला येतं काय, तर वटवाघळाला बांधलेली दोरी दाखवणं. दोरी काय, कुणालाही दिसते.

मी निवडला ‘तळघरातला पाहुणा’. इतका वाईट सिनेमा मनात आणूनही काढता यायचा नाही. भुताच्या मनगटावर घड्याळ. नायिका दाराबाहेर ओलीचिंब, दाराच्या आत कोरडी. खलनायक दोनदा मरतो, दुसऱ्यांदा जास्त मन लावून. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे पोलीस तळघरात उतरतात तो प्रसंग. टेबलावर प्रेत, आणि प्रेताचं पोट खुशाल वरखाली.

ते प्रेत म्हणजे आमचे अण्णा. माझे वडील. स्टुडिओत लाइटमन होते. प्रेताचं काम करणारा माणूस आला नाही, तेव्हा दिग्दर्शक म्हणाला, तुम्ही झोपा. अण्णा झोपले. श्वास रोखा, हे सांगायचं सगळेच विसरले. ही गोष्ट त्यांनी जन्मभर येईल त्या पाहुण्याला सांगितली.

चार महिन्यांपूर्वी गेले. मी पूर्ण सावरलो आहे.

मंगळवार
संकल्प: रोज सराव. मंडळाची पद्धत कडक आहे. चूक दिसली की प्रेक्षक खुर्चीच्या हातावर टकटक करतात. सूत्रधाराने तिथल्या तिथे सिनेमा थांबवायचा, चुकीवर लाल लेझर धरायचा आणि मागची गंमत सांगायची. सगळा खेळ टायमिंगचा. आज घड्याळापर्यंत सराव केला. नंतर मान अवघडली.

बायकोचं म्हणणं, अण्णांचा प्रसंग आधी बघून घे. म्हटलं, तो मला पाठ आहे, बघायची गरज नाही. ती कपड्यांच्या घड्या करायला लागली. म्हणजे पटलं असावं.

बुधवार, दुपारी
अण्णांच्या खोलीत कुणीतरी श्वास घेतंय. सावकाश, झोपलेल्या माणसाचा. आत जाऊन पाहिलं, कुणी नाही. चौकशीअंती फ्रिज निघाला. जुना झाला की धापा टाकतोच.

आई त्या खोलीत झोपत नाही. हॉलमध्ये सोफ्यावर झोपते. म्हणते, इथे वारा येतो. खिडकी बंद असते. वयपरत्वे असे भास होतात.

गुरुवार
बर्फ साचला म्हणून बायकोने फ्रिज बंद केला. आवाज चालूच. शेजाऱ्यांचा फ्रिज असणार, हल्ली भिंती पातळ बांधतात.

पॅसेजमधला दिवा मी लावतो आणि परत येईपर्यंत तो बंद असतो. रिकाम्या जागी दिवा जळलेला अण्णांना खपत नसे. बायको म्हणते मी बंद केला नाही, आई म्हणते मी नाही. वायरिंग तपासून घेतलं पाहिजे.

सराव दुसऱ्या मरणापर्यंत झाला. पोलीस तळघराच्या जिन्याशी आले आणि मला एक अर्जंट फोन करायचा आठवला. कुणाला, ते काही आठवलं नाही.

शुक्रवार
आईला शनिवारी नेतोय. तिला चेंज हवा. अण्णा गेल्यापासून ती रडलेली नाही, धड बोललेलीही नाही. बायकोने हटकलं, तिथे लोक हसणार आहेत, हे आईंना सांगितलंस का? सांगितलं. आई म्हणाली, “ते आहेत ना त्यात? मग येते.” बघा. आईसुद्धा सावरली आहे.

आज सराव नाही. अति तिथे माती.

शनिवार, निघण्यापूर्वी
इस्त्रीचा शर्ट. लेझरला नवी बॅटरी. आत्मविश्वास काठोकाठ. घोडामैदान जवळच आहे.

रविवार, सकाळी
काल तांत्रिक अडचण आली. इथे खरं लिहायला हरकत नाही, वाचणार कोण?

सुरुवात झकास झाली. घड्याळाला हशा, कोरड्या केसांना हशा. अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी. इन्शुरन्सवाल्याचं तोंड एवढंसं. आई पहिल्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसली होती. मग पोलीस जिना उतरले.

अण्णा दिसले. माझ्यापेक्षा तरुण. पोट वर, पोट खाली. सगळा हॉल टकटक करायला लागला. मी सवयीने सिनेमा थांबवला आणि लेझर धरला.

आणि अण्णांचा श्वास थांबला.

सिनेमा थांबवला तर त्यातलं सगळंच थांबणार, हे लहान मुलालाही कळतं. मला कळलं नव्हतं. इतकी वर्षं ज्या प्रेताला लोक हसले, ते काल पहिल्यांदा खरोखर मेलेलं दिसलं, आणि ते मी केलं होतं. लाल ठिपका त्यांच्या शर्टावर थरथरत होता. ती बॅटरीची चूक नव्हती. गंमत सांगायला तोंड उघडलं आणि ततपप झालं. लोकांना वाटलं, हाही विनोदच. ते आणखी हसले.

मग आई उठली. तिने आवाज चढवला नाही.

“थांबवू नकोस रे त्यांना,” ती म्हणाली. “घेऊ देत श्वास.”

टकटक बंद झाली. मी बटण दाबलं. पोट पुन्हा वर आलं. तेवढ्यात पडद्यावरच्या पोलिसाने त्यांच्यावर चादर टाकली आणि आई खाली बसून रडायला लागली. मला पुढचं काही दिसेना. बाकीचा सिनेमा इन्शुरन्सवाल्याने सांभाळला. सूत्रधार तोच झाला. चांगला बोलतो, हे कबूल करायला हवं.

रविवार, दुपारी
सावरलेलो नाही. अण्णांची फार आठवण येते.

जेवणानंतर आई म्हणाली, लाव ते. लावलं. बायकोही येऊन बसली. चादर पडली की आई म्हणते, मागे घे. मी मागे घेतो. चादर उठते, अण्णा श्वास घेतात, पुन्हा चादर पडते. कितीही मागे घेतलं तरी पडतेच.

आता ती म्हणाली, पुरे, उद्या बघू. रिमोट मात्र तिने स्वतःकडे ठेवला.