सहा एप्रिलपर्यंत

प्रिय डेंझिल,

नवीन वर्षाच्या शुभेच्छा! आमचं वर्ष एक जानेवारीला लागतं, तुझं सहा एप्रिलला, करखात्याबरोबर. किल्ली कुंडीखालीच होती, तेव्हा तू आत आलायस आणि आईच्या टेबलाशी उभा आहेस असं धरून लिहिते. आधी बस. तू उभ्याने कागद वाचतोस आणि निम्मा सोडून देतोस, आणि हा मला निम्मा सोडलेला चालणार नाही. दूध ताजं आहे, चहा निळ्या डब्यात. वर जायची घाई करू नकोस. तीन महिने केली नाहीस, आणखी दहा मिनिटांनी काही बिघडत नाही.

परवा कपाट आवरताना तुझा तो फोटो सापडला. आपल्या कालवांच्या शेडमध्ये उलट्या क्रेटवर उभा, हातात बिअर, मागे 'आपलं पाणी, आपले कायदे' असा फलक. युरोपातून बाहेर पडायच्या मतदानाआधीचा आठवडा. त्या दिवशी तू सगळ्या एकतीस माणसांना मांस भरलेल्या गरम पेस्टी खाऊ घातल्यास. वर्षानुवर्षं नाताळला संत्र्यापलीकडे कुणाला काही न देणारा माणूस अचानक दानशूर झाला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. तू म्हणालास, "ब्रसेल्सचा कारकून आपल्याला कालवं धुवायला शिकवणार? एकदा बाहेर पडू द्या, सगळं जग आपलं गिऱ्हाईक आहे." जोरीने विचारलं होतं, "मालक, पण आपली सगळी कालवं तर फ्रेंचच खातात. ते घेतील ना?" तू त्याच्या पाठीवर थाप मारलीस. "जोरी, त्यांना आपली गरज जास्त आहे." सगळे हसले. जोरीही हसला. बावीस वर्षं तो आपल्या पाण्यात कमरेपर्यंत उभा होता, तुझ्यापेक्षा त्याला त्या व्यापारातलं जास्त कळत होतं, तरी हसला. आईने तर तुझ्यासाठी नवी टोपी घालून मत दिलं.

नंतर कळलं, की त्या पेस्टी खाऊ घालण्याआधीच तू ब्रिटनीत टाक्यांसकट एक शेड बघून ठेवली होतीस. समुद्राच्या त्या बाजूला, फ्रान्समध्ये. म्हणजे पूल जाळायला आम्हाला काड्या वाटल्यास, आणि स्वतः आधीच पलीकडे जाऊन बसलास. मला राग कशाचा येतो सांगू? तू हुशार आहेस याचा नाही. आम्हाला मूर्ख ठेवण्यासाठी तुला फारसे कष्टही करावे लागले नाहीत, याचा.

मग बाबांचं नाव. 'पेंगेली अँड सन' ही पाटी बाबांनी स्वतः रंगवली होती, 'सन'मधला एक रंग ओघळलाय तो अजून दिसतो. ती अक्षरं तू कुठल्याशा उन्हाळी बेटावरच्या तुझ्याच कंपनीला विकलीस, जिचं ऑफिस म्हणजे एक टपालपेटी. तेव्हापासून आपल्याच खोक्यांवर आपल्याच बापाचं नाव छापायचं म्हणून आपली शेड तुला भाडं देते, आणि भाडं दिल्यावर नफा उरत नाही, आणि नफा नाही म्हणून कर नाही. मी आईला हे समजावून सांगितलं. चाळीस वर्षं फर्मच्या वह्या तिने लिहिल्या, तिला काही कळायचं राहिलं नाही. बराच वेळ चष्मा पुसत बसली आणि म्हणाली, "हुशार आहे गं, बाबांवर गेलाय." बाबा टपालाचं तिकीटसुद्धा दोनदा वापरत नसत, डेंझिल.

तो ट्रक परत आला तेव्हा तू नव्हतास. बाहेर पडल्यावरच्या पहिल्याच जानेवारीतली गोष्ट. आपल्या पाण्यातली कालवं इथेच टाकीत शुद्ध केल्याशिवाय आता पलीकडे जाणार नाहीत हे आम्हाला निघता निघता कळलं. आम्ही कशीबशी छोटी टाकी उभी केली, जनावरांच्या डॉक्टरची सही आणली, अकरा पानं भरली. एका पानावर शिक्का चुकीच्या रंगाचा निघाला. ट्रक बंदरात दोन दिवस उभा राहिला आणि तसाच घरी आला. आई त्र्याऐंशी वर्षांची. क्रेट उलटा करून बसली, मांडीवर रबरी एप्रन घेतला आणि एकेक कालव उचलून नखाने टकटक करायला लागली. बाबांनी आपल्याला शिकवलं होतं तसंच. जिवंत असेल तर शिंपला मिटतो, मेलं असेल तर आ वासून राहतं. संध्याकाळपर्यंत तिने वीस-बावीस जिवंत काढली असतील. उरलेली जोरीने चिखलात ओतली. घरी येताना गाडीत म्हणाली, "डेंझिल काहीतरी करेल." तू केलंस. त्याच वर्षी मार्चमध्ये सव्वीस माणसांना घरी पाठवलंस, जोरीला ईमेलने, आणि ब्रिटनीतली कालवं बाबांच्या नावाच्या खोक्यात विकायला लागलास. फ्रेंच माणूस आता ती खातो आणि म्हणतो, अस्सल कॉर्नवॉलची चव.

असो. हे सगळं तुला माहीत आहे. मला लिहायचंय ते तुझ्या दिवसांबद्दल.

मोनॅकोला गेल्यावर तू फोनवर मला नियम समजावून सांगितला होतास, आठवतं? वर्षाला पंचेचाळीस. रात्री बाराच्या ठोक्याला तू या देशात असलास की एक दिवस गेला. नुसतं सकाळी येऊन संध्याकाळी जाणंही ठरावीक वेळाच, मग तेही मोजतात. पंचेचाळीसच्या वर गेलं तर सगळ्या कमाईवर इथला कर. तू किती खुशीत सांगत होतास! मला वाटलं, लहानपणी गोट्या मोजायचास तसं चाललंय. यंदाचे पंचेचाळीस दिवस आणि त्या फेऱ्याही कधीच संपल्या होत्या; दिवस कुठे गेले त्याची यादी तुझ्या त्या पोरसवदा हिशेबनीसाने चुकून मलाही पाठवली होती. रानकोंबडे मारायला नऊ. घोड्यांच्या शर्यतींना सहा. भागीदाराच्या मुलीच्या लग्नाला चार. दातांना पाच. बैठकांना एकोणीस. आईच्या नावापुढे दोन, त्यातला एक नाताळचा, आणि उरलेल्या दिवशी तू बँकेत गेला होतास.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी हात वर केले, तेव्हा मी तुला लगेच सांगितलं. वीस मार्चला तर मी रडले फोनवर. मी, तुझ्यासमोर! मला खरंच वाटलं, आता हा विमानात बसेल. मग म्हणालास, "वेना, मी हिशेबनीसाला विचारलंय. बायको मरणाला टेकली असेल तर जास्तीच्या दिवसांची सवलत मिळते, अज्ञान मूल असेल तरी मिळते. आई त्या यादीत नाही." मी म्हटलं, "मग भर ना एक वर्ष कर." तू आकडा सांगितलास. मी तो इथे लिहीत नाही, आईचं टेबल आहे. आणि मग तू विचारलंस, अगदी हळू, लहानपणी विचारायचास तसं, "सहा एप्रिलपर्यंत थांबवता नाही का येणार तिला?"

तिला म्हणजे मरणाला की आईला, हे मी विचारलं नाही. म्हटलं, विचारून बघते.

आणि विचारलं. उशी नीट करता करता सांगितलं, की डेंझिलचं कराचं वर्ष संपलं की तो येणारच आहे, मग हवे तितके दिवस राहील, तेवढी कळ काढशील का? तिचा चेहरा असा उजळला, की मला तिचा रागच आला. पंधरा वर्षं तिच्या गोळ्या मी मोजतेय, पाय मी चोळतेय, आणि उजळायचं तुझ्या नावाने. तिने भिंतीवरचं भरती-ओहोटीचं कोष्टक काढून मागितलं. पेन्सिलीने एका तारखेला गोल केला आणि कोष्टक पलंगाशेजारी टांगायला लावलं. ते तिथेच आहे, वर गेलास की बघ. गोल एकतीस मार्चला आहे.

फर्मच्या वह्या एकतीस मार्चला बंद व्हायच्या. चाळीस वर्षं तिने त्या रात्री दुहेरी रेघ मारली आणि एक एप्रिलला बाबांनी तिला बाहेर जेवायला नेलं. तिच्या दृष्टीने वर्ष संपायची दुसरी तारीखच नव्हती. माणसांच्या कराचं वर्ष पाच एप्रिलला संपतं हे ती त्या ग्लानीत विसरली.

मी तो गोल पाहिला, डेंझिल. त्याच दिवशी पाहिला. आणि गप्प बसले.

तिने त्या अकरा दिवसांत काय केलं ते ऐक. झोपेचं औषध अर्धंच घ्यायची, म्हणायची, झोपले आणि तशीच गेले तर? नर्स म्हणाली, "एवढ्या वेदनेत यांना जागं राहायचंय तरी कशासाठी?" सूप गिळवत नव्हतं, तरी चमचा तोंडापुढे आणला की लहान मुलासारखं तोंड उघडायची. रोज सकाळी एक तारीख माझ्याकडून खोडून घ्यायची. एक एप्रिलला पहाटेच मला हाक मारली. निळं स्वेटर मागितलं, केस विंचरून घेतले, तिची ती गुलाबी लिपस्टिक लावायला लावली आणि पलंग खिडकीकडे वळवून घेतला, होडीच्या धक्क्यावरून येणारा रस्ता दिसावा म्हणून. जेवली नाही. म्हणाली, "तो आला की त्याच्याबरोबर दोन घास खाईन." चार वाजता ओहोटी लागली, आणि तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "विमान उशिरा आहे का गं?"

तेव्हा मी सांगितलं, की वर्ष सहाला लागतं. अजून पाच दिवस.

ती चिडली नाही. तुला दोष दिला नाही. रुमाल मागितला आणि स्वतःच्या हाताने लिपस्टिक पुसली. "एवढं नाही जमायचं मला," म्हणाली, "त्याला सांग, मी प्रयत्न केला." मग भिंतीकडे तोंड केलं.

दोन तारखेला, शनिवारी, दुपारी दोनच्या सुमारास ती गेली. तोंड उघडंच राहिलं होतं. मला काही सुचेना. मी तिच्या हाताच्या पाठीवर नखाने टकटक केलं. दोनदा.

त्या संध्याकाळी तुझा फोन आला. "कशी आहे?" मी म्हटलं, शांत आहे. रविवारी विचारलंस, "बोलता येईल?" मी म्हटलं, झोपलीय. सोमवारी म्हणालास, "थांबेल ना गं बुधवारपर्यंत?" मी म्हटलं, थांबेल, आता ती कुठेही जात नाही. खोटं एकही बोलले नाही, नीट आठवून बघ.

आता तू म्हणशील, वेना, तारीख चुकली होती तर तेव्हाच का नाही सांगितलंस? हे पत्र त्यासाठीच आहे. माझ्या तोंडून मला ते बोलवणार नाही. मला वाटलं होतं, एक तारीख उजाडेल, तू येणार नाहीस, आणि मरण्यापूर्वी एकदा तरी तिला दिसेल तू काय आहेस आणि मी काय आहे. एवढंच हवं होतं मला. तिला दिसलं. आणि ते बघून तिने माझ्याकडेही पाठ केली. खरी तारीख मी वेळेवर सांगितली असती तर त्या बाईने आणखी पाच दिवस दात आवळून काढले असते, हे मला पक्कं माहीत आहे, आणि आज सकाळी खिडकीतून तू धक्क्यावरून चालत येताना तिला दिसला असतास. तू तुझा कर वाचवलास आणि मी माझा हट्ट. या घरात आपण दोघंच अगदी सारखे आहोत रे.

ती गावातल्या अंत्यविधीवाल्याकडे आहे, शीतगृहात. तो रोज विचारतो, तारीख कधीची धरायची. मी त्याला सांगितलंय, माझा भाऊ बुधवारी येतोय, तोच ठरवेल, त्याच्याकडे आता अख्खे पंचेचाळीस आहेत. त्याचा फोन नंबर दुधाच्या बाटलीखाली ठेवलाय.

मी शेडवर आहे. तिकडे येऊ नकोस.

जिने तारीख पाहिली होती ती तुझी बहीण,
मोरवेना